घाटाला घोडे किती लागतात?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वलवणपाशी उभं राहिलं, की मोटारसायकलींची रांग संपता संपत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे मुंबई-पनवेलकडचे लोक खोपोलीचा घाट चढून, शिंग्रोबाला हात जोडून येतात, आणि पुण्याकडचे कामशेत-कार्ले करत येतात. भजी तळून होईपर्यंत गाड्या स्टँडवर लागतात आणि गप्पांचा विषय ठरलेला असतो. ‘कॅम कुठला टाकलास? हेडचं काम केलंस का?’

श्रोतेहो, आज याच दोन वस्तूंविषयी बोलायचं आहे. इंजिन हवेवर थंड होणारं. म्हणजे रेडिएटर नाही, पाणी नाही, बाहेरच्या पात्यांवरून वारा गेला तर गेला. आणि ते शर्यतीचं नव्हे, रोज रस्त्यावर धावणारं. त्याच्यासाठी कॅमशाफ्ट आणि सिलिंडर हेड निवडायचं तर काय बघावं? विषय मिस्त्रीच्या दुकानातला वाटेल. पण ज्यांच्या घरी पंचविशीतला मुलगा आणि त्याची बुलेट आहे, त्यांना तो घरखर्चाचा विषय आहे हे सांगायला नको. कधी कधी तो त्याहूनही मोठा होतो, ते पुढे येईलच.

आधी ओळख करून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनाला किमान दोन दारं असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून जळका धूर बाहेर जातो. ही दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ती कधी उघडायची, किती उघडायची आणि किती वेळ उघडी ठेवायची, हे कॅम ठरवतो. कॅम म्हणजे अंड्यासारखा एका बाजूला फुगीर असा पोलादी तुकडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो. जुन्या बुलेटमध्ये आत घेण्याचा आणि बाहेर सोडण्याचा असे दोन वेगळे कॅम खाली गिअरवर फिरतात आणि लांब पुशरॉडने वरचे व्हॉल्व्ह हलवतात. पल्सरसारख्या गाडीत एकच कॅमशाफ्ट थेट हेडमध्ये बसवलेला असतो आणि चेनवर फिरतो. हेड म्हणजे ही दारं, दारापर्यंतची वाट आणि दारामागची खोली, जिथे ठिणगी पडते.

कॅम बदलायची हौस कशाने लागते? ‘घाटात गाडी दम टाकते’ अशी तक्रार असते. तेव्हा घाटाला खरोखर किती ताकद लागते याचा हिशेब आधी करू. तो शाळेतल्या गणिताइतकाच सोपा आहे.

गाडी १८० किलोची. दोघं माणसं आणि पिशव्या मिळून १४०. एकूण ३२० किलो. चढ पंधराला एक धरू, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वेग ताशी ४० किलोमीटर. एवढं वजन त्या वेगाने वर चढवायला सुमारे तीन अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण आणि अंगावर येणारा वारा यांना दीड-दोन. चेन आणि गिअरमध्ये थोडी वाया जाते. सगळी बेरीज साडेपाचच्या घरात. दोघांना घेऊन घाट चढायला साडेपाच घोडे पुरतात, आणि जुन्या ३५० सीसीच्या बुलेटला कंपनीने दिलेले आहेत अठरा.

मग गाडी रडते का? कारण ते अठरा घोडे साडेपाच हजार फेऱ्यांना मिळतात, आणि घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला इंजिन फिरत असतं मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास. तिथे इंजिनाची ओढ, ज्याला पुस्तकात टॉर्क म्हणतात, ती २५ न्यूटन-मीटर धरली तर हातात येतात जेमतेम पावणेनऊ घोडे. साडेपाच खर्च झाले, सव्वातीन शिल्लक. समोरच्या ट्रकला ओलांडायचं ते या सव्वातीनांच्या जोरावर.

आता समजा, नव्या कॅममुळे सात हजार फेऱ्यांना पाच घोडे वाढले, पण अडीच हजारांना ओढ पाचव्या हिश्शाने घटली. २५ ची झाली २०. पावणेनऊ घोड्यांचे झाले सात. शिल्लक राहिले दीड. कागदावर ताकद वाढली आणि घाटात हाताशी असलेला साठा निम्म्याहून खाली आला. ‘एवढा खर्च केला तरी घाटात तीच बोंब’ असं म्हणणाऱ्याच्या गाडीत नेमकं हेच झालेलं असतं.

असं होतं का, ते बघू. जोरकस म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमची करामत मुख्यतः एकच असते. तो दार जास्त वेळ उघडं ठेवतो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागला तरी आत घेण्याचा व्हॉल्व्ह अजून उघडाच. इंजिन जोरात फिरत असेल तर याचा फायदा होतो. आत येणाऱ्या हवेला वेग असतो, त्या वेगाने ती पिस्टन वर यायला लागला तरी आत घुसत राहते. गर्दीच्या लोकलमध्ये मागच्या रेट्याने शेवटचे चौघं आत जातात, तसं. पण इंजिन सावकाश फिरत असेल तर हवेला रेटाच नसतो. मग वर येणारा पिस्टन भरलेला माल आल्या वाटेने परत ढकलतो. कार्बोरेटरच्या तोंडावर पेट्रोलचा धुरळा उडताना दिसतो, तो हाच.

दुसरी गोष्ट दोन्ही दारं एकाच वेळी थोडा वेळ उघडी राहण्याची. धूर बाहेर जायचा असतो आणि नवा माल आत यायला लागलेला असतो. जोरात फिरताना धूर बाहेर पडता पडता नव्या मालाला आत ओढून घेतो. सावकाश फिरताना धूर आतच घुटमळतो, आणि थोडं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून निघून जातं. उभ्या गाडीचा तो थांबत-थांबत येणारा आवाज पोरांना फार आवडतो. पीयूसीच्या यंत्राला तो आवडत नाही, आणि ॲव्हरेज कुठे गेलं हे पेट्रोल पंपावर कळतं.

हेडच्या बाबतीतही ‘जितकं मोठं तितकं चांगलं’ हा समज आहे. मोठे व्हॉल्व्ह, मोठी वाट. इथे मला आमच्या वलवणच्या धरणाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. टाटांनी वलवण, लोणावळा, शिरवटा हे तलाव बांधले ते विजेसाठी. त्यांचं पाणी घाटमाथ्यावरून नळांतून पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीला नेतात. तिथलं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. खाली चाकावर पाणी सोडताना नळाचं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं असतं, म्हणून धार बंदुकीच्या गोळीसारखी चाकाच्या वाट्यांवर बसते. तेच तोंड रुंद करून ठेवलं तर पाणी पुष्कळ पडेल, पण चाक फिरवायचा जोर त्यात राहणार नाही.

हेडमधल्या वाटेचंही तसंच आहे. पिस्टन एका वेळी ओढून ओढून ओढणार किती? त्याच्या आकारमानाएवढी हवा. वाट अरुंद असेल तर ती वेगाने येते, पेट्रोलचे थेंब हवेत तरंगत ठेवते, दार बंद होता होता आणखी थोडी आत शिरते. वाट प्रमाणाबाहेर रुंद केली की कमी फेऱ्यांना हवा रेंगाळते, थेंब भिंतीला चिकटतात, आणि ॲक्सिलरेटर पिळल्यावर गाडी क्षणभर विचार करून मग निघते. सात हजारांना धावणाऱ्या इंजिनाला ती रुंद वाट हवीच. तीन हजारांना धावणाऱ्याला ती शिक्षा आहे.

कामशेतच्या बाजूच्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. नोकरी लागल्यावर त्याने जुनी बुलेट घेतली, उत्तम रंगवली, आणि मग दोन पगार घालून लांब मुदतीचा कॅम आणि मोठ्या वाटांचं हेड मागवून बसवलं. सोबत दाब वाढवला आणि ‘मोकळा श्वास घेऊ दे’ म्हणून हवेचा फिल्टर काढून टाकला. तळेगावच्या सपाटीवर गाडी खरोखरच पळायची. एप्रिलमध्ये बायकोला मागे बसवून तो पनवेलहून परत येत होता. घाटात पुढे टँकर, मागे ट्रक. ताशी वीसच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये रखडत. इंजिन ओढेना म्हणून पूर्ण पिळून ठेवलेला ॲक्सिलरेटर. आतून खडखड ऐकू येत होती, ती त्याला टॅपेटची वाटली. शिंग्रोबाच्या वरच्या वळणावर पिस्टन ब्लॉकला चिकटला आणि मागचं चाक जागच्या जागी अडलं.

नशिबाने त्याचा हात क्लचवर होता, गाडी कडेला गेली आणि मागच्या ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला. नंतर वलवणला इंजिन उघडलं तेव्हा पिस्टन धुराच्या बाजूने सोललेला आणि धुराच्या व्हॉल्व्हची सीट हेडमध्ये सैल झालेली. तो मला म्हणाला, ‘काका, पार्ट डुप्लिकेट निघाला.’ पार्ट अस्सल होता. कॅमवरचं काम तर इतकं सुबक, की मी तो बराच वेळ हातात घेऊन बघत बसलो. फक्त तो ज्या इंजिनासाठी केलेला होता ते इंजिन गोल ट्रॅकवर ताशी सव्वाशेच्या वाऱ्यात धावणारं होतं, टँकरच्या मागे वीसने चढणारं नव्हतं.

हवेवरच्या इंजिनाची खरी मेख इथे आहे. पेट्रोलमध्ये जी उष्णता असते तिच्यातली साधारण पाव चाकाच्या कामाला येते. बाकीची सायलेन्सरमधून आणि पात्यांवरून जाते. घाटात साडेपाच घोडे काम करत असताना पात्यांवाटे साधारण पाच किलोवॉट उष्णता बाहेर पडायला हवी. म्हणजे घरातले दोन मोठे गिझर चालू ठेवून ते फक्त वाऱ्याने गार करायचे. सपाटीवर साठच्या वेगात वारा भरपूर असतो. घाटात काम जास्त आणि वारा कमी. पाण्याच्या इंजिनाला अशा वेळी पंखा आहे, पाण्याचा साठा आहे. आपल्याला पाती आणि तेल, बस्स. जुन्या बुलेटचा ब्लॉक तर बिडाचा. हेड ॲल्युमिनियमचं असल्यामुळे ते बिडाच्या तिपटीने उष्णता वाहून नेतं, पण ॲल्युमिनियमचा दुर्गुण असा की फार तापलं की ते मऊ पडतं.

म्हणून हवेवरच्या इंजिनात कॅम आणि हेड निवडताना पहिला प्रश्न ‘घोडे किती वाढतील’ हा नसावा. ‘जास्तीची उष्णता कुठून बाहेर जाईल’ हा असावा.

हेड निवडलं की दाबाचं प्रमाण आपोआप निवडलं जातं, ते विसरता येत नाही. बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ९०, म्हणजे घनफळ ३४६ सीसी. समजा दाब साडेसहास एक आहे. मग वरच्या खोलीत जागा असते ६३ सीसी. साडेसातास एक करायचा तर ती ५३ वर आणावी लागते, आणि साडेआठास एक करायचा तर ४६ वर. म्हणजे सगळा खेळ चहाच्या अर्ध्या कपाएवढ्या जागेत दहा-पंधरा सीसी इकडे-तिकडे करण्याचा. दाब वाढला की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं, हे खरंच आहे, आणि ते कमी फेऱ्यांनाही मिळतं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला मी कॅमपेक्षा माफक वाढवलेला दाब केव्हाही पसंत करीन. पण तापलेल्या हेडमध्ये जास्त दाबला गेलेला माल ठिणगीची वाट न बघता पेटायला लागतो. त्या तरुणाने ऐकलेली खडखड तीच होती. जुन्या बांधणीच्या, एका प्लगच्या, अर्धगोल खोलीच्या हेडला साडेसातच्या पुढे नेताना दहा वेळा विचार करावा.

याच अडचणीवर शेजारच्या आकुर्डी-चाकणच्या मंडळींनी काढलेला तोडगा बघण्यासारखा आहे. बजाजची पल्सर २००१ च्या अखेरीस आली आणि २००३ मध्ये तिला एका खोलीत दोन प्लग मिळाले. इंजिन हवेवरचंच, व्हॉल्व्ह दोनच. पण दोन्हीकडून आग लागल्याने ज्योतीला अर्धंच अंतर तोडावं लागतं. माल लवकर जळतो, आपोआप पेटायला उसंत मिळत नाही, आणि कमी पेट्रोलातही नीट जळतो. सुधारणा हेडमध्ये केली. कॅमला शर्यतीचा केला नाही. पुढे सायलेन्सरच्या नळीवर छोटा डबा बसवला, तोही कमी फेऱ्यांची ओढ वाढावी म्हणून.

पल्सरचा विषय निघालाच आहे तर फेऱ्यांची गोष्टही सांगून टाकतो. कॅम उंच फेऱ्यांचा घेतला तर खालचं इंजिन त्या फेऱ्यांना टिकायला हवं. पल्सर १५० मध्ये पिस्टनची चाल ५६.४ मिलिमीटर. नऊ हजार फेऱ्यांना तिचा पिस्टन सेकंदाला सरासरी १६.९ मीटर धावतो. बुलेटची चाल ९० मिलिमीटर. तिचा पिस्टन तेवढाच वेग ५,६२५ फेऱ्यांना गाठतो, आणि कंपनीने अठरा घोडे दिले आहेत ते बरोबर तेवढ्याच फेऱ्यांना. बुलेटला सात हजारांचा कॅम बसवला तर पिस्टन सेकंदाला २१ मीटर धावायला लागतो. वजनदार पिस्टन, लांब पुशरॉड, जुन्या पद्धतीचं तेल-पाणी, आणि त्यातून हा वेग. क्रँकचं बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड किती दिवस तग धरतील, ते मिस्त्रीलाही सांगता येत नाही.

खुद्द रॉयल एनफिल्डने काय केलं तेही बघा. १९५५ मध्ये मद्रासला जुळणी सुरू झालेलं ते इंजिन अर्धशतक चाललं. मग आलेल्या यूसीई इंजिनात २८ न्यूटन-मीटरची सगळ्यात जास्त ओढ चार हजार फेऱ्यांना. २०२० मध्ये मीटिऑरबरोबर नवं इंजिन आलं. पुशरॉड गेले, कॅम हेडमध्ये गेला, व्यास ७० चा ७२ झाला, चाल ९० ची ८५.८ झाली. सगळं काही नवं. आणि जास्तीत जास्त ओढ? २७ न्यूटन-मीटर, चार हजार फेऱ्यांनाच. कागदावरचे घोडे १९.८ चे २०.२ झाले, म्हणजे न झाल्यासारखेच. ज्यांच्याकडे हवा तो कॅम कापायची यंत्रं आहेत त्यांनी, ही गाडी घेणारा माणूस कुठल्या फेऱ्यांना चालवतो, हे बघून कॅम कापला.

तर मग निवडायचं कसं? ज्याची गाडी त्याने आधी आठवडाभर स्वतःवर पाळत ठेवावी. आपण खरोखर किती वेळ गाडी पिळतो? बुलेट वरच्या गिअरमध्ये साठला असते तेव्हा इंजिन अडीच ते तीन हजारांत असतं. ऑफिसला जाणं, गावाला जाणं, घाट, सगळं दोन ते चार हजारांत उरकतं. मग कॅमही त्याच पट्ट्यात ओढणारा हवा. तो बहुतेक वेळा कंपनीचाच निघतो, फक्त नवा. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत कॅमचा फुगवटा झिजलेला असतो, टॅपेटचा तळवा खड्डा पडून गेलेला असतो, आणि मालकाला वाटतं की गाडी मुळातच कमजोर आहे. मूळ मापाचा नवा कॅम आणि नवे टॅपेट बसवल्यावर कितीतरी जणांची हौस तिथेच फिटते. नव्या कॅमवर जुना टॅपेट मात्र कधीही चढवू नये. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना घासून बसलेले असतात. नव्याला जुना काही दिवसांत खाऊन टाकतो.

तरीही थोडा वेगळा कॅम हवाच असेल तर जाहिरातीतले अंश नीट वाचा. एक जण व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजतो, दुसरा तो एक मिलिमीटर उचलला गेल्यावर मोजतो. एकच कॅम एकाकडे २६० अंशांचा आणि दुसऱ्याकडे २२५ चा होतो. एक मिलिमीटर उचलीवर मोजलेले २२० ते २३० अंश रस्त्याच्या हवेवरच्या इंजिनाला भरपूर झाले, असं माझं मत. मुदत तीच ठेवून उचल किंचित वाढवलेला कॅम मिळाला तर तो अधिक चांगला, कारण तो दार उशिरापर्यंत उघडं न ठेवता थोडं जास्त उघडतो. पण मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तपासायला हव्यात. पूर्ण दबल्यावर वेटोळ्याला वेटोळं टेकता कामा नये. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर किती राहतं हे बघायला मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती पुरते. पिस्टनच्या डोक्यावर तिचा थर द्यायचा, हेड बसवून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, उघडून ठसा कापून मोजायचा. निदान दोन मिलिमीटर माती शिल्लक हवी. या कामाला अर्धा दिवस जातो, म्हणून ते टाळलं जातं. वाकलेले व्हॉल्व्ह विकत घ्यायला मग नाना पेठेत एक दिवस जातो.

हेडच्या बाबतीत नवं मोठं हेड घेण्याआधी आहे ते दुरुस्त करावं. गाइड सैल असेल तर बदलावं. सीट तीन कोनांत कापून घ्यावी. कार्बोरेटरच्या नळीचं तोंड आणि हेडचं तोंड जुळत नसतं, मध्ये पॅकिंगची कड आत आलेली असते. ती पायरी काढावी. एवढ्याने हवेची वाट रुंद न होता सरळ होते. आतली बाजू आरशासारखी घासून चकचकीत करायची एक फॅशन आहे. धुराच्या बाजूला ती चालेल, काजळी कमी धरते. आत घेण्याच्या बाजूला थोडा खरखरीतपणा असलेला बरा.

आमच्या भागासाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. इथली हवा मुंबईपेक्षा सहा-एक टक्के विरळ. कार्बोरेटरची गाडी इथे थोडी पेट्रोल जास्त घेते आणि तेवढीच कमी ओढते, त्यात कॅमचा दोष नसतो. आणि दुसरं म्हणजे चिखल. आवणीच्या दिवसांत मावळातल्या रस्त्यांवरचा तांबडा चिखल पात्यांमध्ये जाऊन बसतो, वाळतो आणि ब्लॉकला विटेचं अस्तर लागतं. तीच गत जाड ऑइलपेंट मारलेल्या पात्यांची. हजारोंचं हेड बसवून त्यावर हे पांघरूण घालण्यापेक्षा एक जुना दात घासायचा ब्रश आणि पाण्याची बादली जास्त कामाची. आणि या पावसात फिल्टर काढून गाडी फिरवणं म्हणजे इंजिनाला नाकाने पाणी पाजणं आहे.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. व्यास वाढवून ३५० ची ५०० करणं हे तर सरळच नोंदणीच्या विरुद्ध. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस काय शोधतो हे ज्यांनी अनुभवलं असेल त्यांना विचारा. मूळ मापाचे नवे भाग, नीट कापलेली सीट, बरोबर जुळवलेली तोंडं, यात कोणी हरकत घेणार नाही.

काम झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना इंजिन मंद ठेवून सोडून देऊ नये. कॅमवर तेल उडायला फेरे लागतात, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं मध्यम फेऱ्यांवर कमी-जास्त करत चालवावं, पण उभ्या गाडीवर वारा नसतो तेव्हा समोर घरातला टेबल फॅन लावावा. जुन्या बुलेटची टॅपेट सेटिंग इंजिन थंड असतानाच. पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. पाचशे किलोमीटरनंतर ती पुन्हा बघायची, तेल बदलायचं. मग एकदा खोपोलीपर्यंत उतरून, दोघं बसून, घाट चढून या. वर आल्यावर चढावरच इंजिन बंद करून थांबा, थोडं निवू द्या आणि प्लग काढून बघा. टोक विटकरी असेल तर काम जमलं. पांढरंफटक असेल तर जेट एक नंबर मोठा घाला आणि पुन्हा खाली जा.